कोरड्या काकूंचा वर्ग

आमच्या दूधविनायकातल्या आणि आसपासच्या गल्ल्यांमधल्या निदान तीन पिढ्यांच्या मुलींना कोरड्या काकूंनी पोहायला लावलं, आणि स्वतः मात्र कधी घोट्याच्या वर पाण्यात उतरल्या नाहीत. पन्नास वर्षं गंगेच्या काठी बसून जिच्या लुगड्याचा काठ भिजला नाही, अशी दुसरी बाई काशीत सापडायची नाही. शास्त्र्यांची बायको, पण स्नान घरी, नळाच्या पाण्यानं. मराठी पोरी त्यांना ‘कोरड्या काकू’ म्हणत, नाव चालवणाऱ्या मल्लाहांच्या पोरी ‘सूखी चाची’. दोन्ही नावं त्यांच्या कानावर होती. “नावं काय ठेवायची ती ठेवा, पण पाय मारा,” म्हणायच्या.

चौथी पायरी ही त्यांची जागा. चौथी म्हणजे पाण्यापासून मोजलेली. पाणी उतरलं की काकू उतरत, चढलं की चढत. हातात एका जुन्या नऊवारी लुगड्याचं टोक, आणि दुसरं टोक शिकणाऱ्या पोरीच्या कमरेला. दोर त्यांना चालत नसे. “दोर काचतो,” म्हणायच्या, “आणि दोर कधी कुणाची आजी नव्हता.” लुगडी असायची मोहल्ल्यातल्या गेलेल्या म्हाताऱ्यांची. कुणी आजी गेली की तेरावा आटोपायच्या आत काकू दारात हजर. “सुती असतील ती मला द्या. रेशमी तुम्ही ठेवा, तुमचा तसाही त्यांच्यावरच डोळा असेल.” घरातल्या सुना लाजून सुतीच काय, एखादं इरकलीही देऊन टाकत.

पोरीचे हात चालायला लागले की तिला घाटाच्या एका बुरुजापासून पुढच्या बुरुजापर्यंत पोहत जायला सांगत. काकू पायऱ्यांवरून तिच्या बरोबरीनं चालत, हातात लुगड्याचं सैल टोक. मध्येच कुठेतरी ते टोक पाण्यात टाकून देत आणि ओरडत, “सोडलं गं!” तोवर ती पोर चार हात एकटी पोहून गेलेली असे. वरच्या पायऱ्यांवर आयाबाया टाळ्या वाजवत. मी तेव्हा पोरीकडे नाही, काकूंकडे बघत असे. पोरीचा हात दुसऱ्या बुरुजाला लागेपर्यंत ती बाई श्वास घेत नसे. चेहरा असा व्हायचा, की एवढं पुण्य कशाला करता हो काकू, असं म्हणावंसं वाटे.

आता ह्यात मी कोण, ते सांगते. मी इंदू. आज सत्त्याहत्तर वर्षांची आहे आणि बरीचशी सुधारले आहे. साताऱ्याहून लग्न होऊन इथे आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि फार हुशार होते. मॅट्रिकला संस्कृतात शाळेत पहिली आले होते. संस्कृत घेणाऱ्या आम्ही दोघीच होतो, हे मी सासरी सांगितलं नव्हतं. जिभेला धार आणि डोक्याला सुट्टी, असा तो माझा काळ. इथली माणसं मराठी बोलता बोलता मध्येच ‘लेकिन’ आणि ‘अच्छा’ घालत, की मी पदराआड हसे. आज माझी नात मला हसते, कारण आजीला हिंदीशिवाय भांडताच येत नाही.

आम्ही वरच्या मजल्यावर आणि काकू, शास्त्रीकाका आणि त्यांची एकुलती एक वेणू खालच्या. जिना एकच. वेणू चौदा वर्षांची. माझ्यामागे सावलीसारखी असायची. मी अंबाडा घातला की ती अंबाडा घाली, मी पदर दोन्ही खांद्यांवर घेतला की तीही ओढणी तशी घेई. मी म्हणेन ती तिची पूर्व दिशा. एवढ्या भक्तीची कुणाला सवय नसते, मला तर मुळीच नव्हती. मी फुगले होते.

माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. त्या वर्षी वेणूनं पहिल्यांदा हरतालिकेचं व्रत धरलं. वाळूची महादेवाची पिंडी करायची, दिवसभर पाणीसुद्धा प्यायचं नाही, रात्र जागवायची आणि दुसऱ्या सकाळी पिंडी पाण्यात सोडायची. भाद्रपदात आमच्या घाटांवर गंगा अशी चढलेली असते की निम्म्या पायऱ्या पाण्याखाली, आणि त्या पायऱ्यांवर गाळ साबणासारखा. सकाळी वेणूचा चेहरा पांढराफटक. काकूंनी मोरीपाशी बादली भरून ठेवली, त्यात घरातलं गंगाजल ओतलं आणि म्हणाल्या, “ह्यातच सोड पिंडी. महादेवाला चालतं. घाटावर पुढल्या वर्षी जा.” वेणू कबूलही झाली.

मी वरून उतरत होते. नवी मोरपंखी साडी, हातात पत्रीचं ताट. वेणू जिन्यात भेटली, बादलीचं म्हणाली. आणि संस्कृतात पहिली आलेली मी म्हणाले, “अगं बाई! काशीत राहून बादलीत विसर्जन? मग महादेव तुला नवराही बादलीतलाच पाठवेल. बेडूक!”

मी हसले. ती हसली नाही. आत जाऊन आईला काहीतरी सांगून आली आणि पिंडीचं ताट घेऊन माझ्या मागोमाग निघाली. मला माझं वाक्य फार आवडलं होतं. घाटापर्यंत मी ते दोनदा मनात घोळवलं, घरी गेल्यावर नवऱ्याला सांगायचं म्हणून.

घाटावर आम्ही दहाबारा जणी होतो. पिंडी पायरीवर आपटून फुटू नये म्हणून वेणू सगळ्यांपेक्षा एक पायरी जास्त उतरली. मग तिचा हात दिसला, हिरव्या बांगड्यांचा. मग तोही दिसला नाही. दहाबारा बायका, बहुतेकींचा जन्म गंगेकाठी गेलेला, आणि एकीलाही पोहता येत नव्हतं. आम्ही ओरडलो. फार छान ओरडलो. ती माझ्यापासून दीड हातावर होती आणि मी निऱ्या वर धरून उभी होते, साडी भिजू नये म्हणून. पुरामुळे नावा बांधून ठेवलेल्या. मल्लाह धावत आले तोवर उशीर झाला होता. तिसऱ्या दिवशी ती राजघाटच्या पुलापलीकडे सापडली.

काकूंनी मला एवढंच विचारलं, “घसरली का गं?”

मी म्हटलं, “हो काकू.”

खोटं नव्हतं. अर्ध्या खऱ्यासारखं सोयीचं काही नाही, पन्नास वर्षं टिकतं.

दोन वर्षं काकू घराबाहेर पडल्या नाहीत. शास्त्रीकाकांना लेकीच्या नावानं काहीतरी करायचं होतं. काशीत करायच्या गोष्टींना तोटा नाही. दीपमाळ लावू, अन्नछत्रात पंगत घालू, दर वर्षी तिच्या तिथीला ब्राह्मणभोजन घालू. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “जेवून ब्राह्मण पोहायला लागतात का?” काकांना कळेना. “तिच्या नावानं पोहायला शिकवायचं. मुलींना. मुलगे शिकतात आपले आपण, त्यांना कुणी अडवत नाही.” काकांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात पत्र्याची पाटी रंगवली, ‘कै. कुमारी वेणू स्मृती तरणवर्ग’. सगळे म्हणत वेणूवर्ग. होळी झाली की वर्ग सुरू, आषाढात पाणी गढूळ झालं की बंद.

काकूंना पोहता येत नव्हतं, मग शिकवणार कोण? त्यांनी फुलमतीला आणलं. फुलमती मल्लाहाची विधवा, नवऱ्यामागे स्वतः नाव चालवायची, माशासारखी पोहायची. मोहल्ल्यात गहजब झाला. आमच्या मुलींना मल्लाहीण हात लावणार? निषेधाच्या शिष्टमंडळात अर्थातच मीही होते. तेवीस वर्षांची, तोंड धुतलेलं, नाक वर. वास्तविक त्या दारात उभं राहायची माझी लायकी नव्हती. पण चार जणी निघाल्या आणि मागे राहिले तर कुणी विचारील, म्हणून मी सगळ्यांच्या पुढे.

“काकू, तिचा हात लागला की पोरींना पुन्हा स्नान करावं लागेल,” मी म्हणाले.

“कर की. कशात करणार?”

“गंगेत.”

“आणि फुलमती कुठे उभी असते?”

काकूच पुढे म्हणाल्या, “त्याच पाण्यात ना? मग झालं स्नान. जा घरी.”

फुलमतीचा आवाज आमच्या घाटापासून भोसले घाटापर्यंत जाई. “ए बबुनी, पानी से लड़ मत! पानी पर लेट जा, जइसे खटिया पर लेटेलू!” पोरी घाबरून लुगडं घट्ट धरत. वरून काकू म्हणत, “घाबरलीस? छान. आता ऐकशील.” फुलमती लाडानं शिकवी आणि काकू धाकानं, आणि त्या दोघींची आपसात कधी गोड बोलणी झालेली मी ऐकली नाहीत. काकूंनी पोरीला लवकर वर ओढलं की फुलमती खवळे, “ए चाची, लइकी सीखी कि पतंग उड़ावत हऊ?” म्हणजे पोर शिकणार, की तू पतंग उडवतेयस? काकू ओढायच्या थांबत, पण टोकाचा पीळ हाताभोवती आणखी एकदा घेत. त्यांच्या उजव्या तळव्यावर त्या पिळाचा आडवा वळ होता. तो मरेपर्यंत गेला नाही.

उपाशीपोटी आलेली मुलगी काकूंना चालत नसे. पायरीवर डबा असायचा, गूळ-शेंगदाण्यांचा. “खाल्लंस? काय खाल्लंस? तोंड उघड.” चतुर्थी असो, एकादशी असो, पोरीनं उपासाचं नाव काढलं की तिला पाठमोरी करून घरी धाडत. कुणीतरी एकदा म्हणालं, “काकू, गंगामाईच आहे, आईच्या पोटात लेकराला कसली भीती?” काकू म्हणाल्या, “आई आहे, कबूल. पण आईचं लक्ष असतंच असं नाही.” 

आणि दर हरतालिकेच्या दुसऱ्या सकाळी काकूंच्या दारात तांब्याचं मोठं घंगाळ भरून ठेवलेलं असे. मोहल्ल्यातल्या सगळ्या मुलींनी आणि सुनांनी पिंडी त्यात सोडायच्या. पूर ओसरला की फुलमती ती वाळू नावेनं मध्यधारेत नेऊन सोडी. एखादी नवी सून नाक मुरडायची. काकू तिच्याकडे अशा बघत की तिचं नाक सरळ व्हायचं. घंगाळात पाणी ओतायचं काम माझ्याकडे असे. दर वर्षी ओतता ओतता ठरवायची, आज सांगू. घागर रिकामी होईपर्यंत धीर टिकायचा.

मी ह्या वर्गात कशी आले? माझी मुलगी नंदा सात वर्षांची झाली तेव्हा काकू दारात उभ्या राहिल्या. “पोरीला कधी पाठवतेस?”

“काकू, ती उन्हानं काळी पडेल हो.”

“काळी पडली तर लग्न मी जमवीन. बुडली तर तू काय करशील?”

मी ओढणी शोधायला आत गेले; तोंड लपवायला दुसरं काही सुचेना. बाहेर आले तर काकू तिथेच. “आणि तू?”

“मी? काकू, माझं वय बत्तीस!”

“मग तुला बुडायला काय बंदी आहे?”

दुसऱ्या दिवशी सासूबाईंचं जुनं लुगडं कमरेला बांधून, नवऱ्याचा सदरा घालून, मी सगळ्या घाटाच्या साक्षीनं गंगेत उतरले. नंदा आठवड्यात तरंगायला लागली. मला दोन उन्हाळे लागले. पाण्यात पाय टाकला की मला तो बांगड्यांचा हात दिसे आणि मी किंचाळे. “इंदू, तू दगडाहून वाईट,” काकू वरून म्हणत, “दगड निदान गप्प बुडतो.” सगळा घाट हसे. मीही हसे. मला बरं वाटे. कुणीतरी मला रागवतंय, भले चुकीच्या कारणासाठी का होईना.

पोहायला आले आणि मग तिथलीच झाले. फुलमती थकली तशी मी पाण्यात उभी राहून पोरींना शिकवू लागले. ती गेल्यावर तिची सून चंदा माझ्या जोडीला आली. काकू चौथ्या पायरीवर, आम्ही दोघी छातीएवढ्या पाण्यात. लोक म्हणत, इंदूताईंची केवढी सेवा! सेवा कसली, चोरानं चौकीशेजारी घर घेतलं होतं. काकू मला कधीकधी घरी खीर केली की वाटीतून आणून देत. “खा, तिचीही आवडती होतीस,” म्हणायच्या. ती खीर मी कशी गिळली असेन, तुम्हीच समजा.

वेणूचा फोटो वर्गात कधी लागला नाही. हार नाही, उदबत्ती नाही. नव्या मुली पाटी वाचून विचारत, “काकू, वेणू कोण?” काकू म्हणत, “एक मुलगी. तिला पोहता येत नव्हतं.” आणि लुगड्याची गाठ तपासायला लागत.

काकूंनी पंच्याऐंशी गाठली तेव्हा गुडघ्यांनी पायऱ्या नाकारल्या. फाल्गुनातली दुपार होती. काकू खिडकीपाशी बसून वर्गाची लुगडी उजेडासमोर धरून बघत होत्या. जिथे विरलेलं दिसेल ते बाद. शास्त्रीकाका जाऊन वीस वर्षं झाली होती.

“पुढच्या आठवड्यात वर्ग सुरू,” मला म्हणाल्या. “चौथ्या पायरीवर तू बसायचंस. वर्ग तुझ्यावर सोपवल्याचा कागद केलाय. ह्यांनी केला असता तर सुबक केला असता. हा वकिलानं केलाय, वाचू नकोस, सही कर.”

मी पेन उचललं आणि ठेवलं. वेणूच्या नावाखाली माझं नाव लिहायचं होतं. तेवढं माझ्या हातून होईना.

“काकू, एक सांगायचंय.”

“गुडघ्यांचं सोडून काहीही सांग.”

मी सांगितलं. जिना, बादली, बेडूक. पन्नास वर्षं सांभाळलेली गोष्ट सांगायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

काकूंनी लुगडं खाली घेतलं नाही. तसंच उजेडासमोर धरून राहिल्या, त्यामुळे मला त्यांचा चेहरा दिसेना. मग लुगड्यापलीकडून आवाज आला.

“ती मला म्हणाली होती, ‘आई, मी गंगेवरच जाते. सगळ्याजणी हसतात.’”

काकूंनीच पुढे विचारलं, “सगळ्याजणी म्हणजे तू?”

“हो काकू.”

“आणखी कोण होतं जिन्यात?”

“कुणी नव्हतं. मी एकटीच होते.”

“एकटीच.” लुगडं खाली आलं. डोळे कोरडे होते. मला वाटलं होतं निदान आज तरी नसतील. “मी ह्या मोहल्ल्यातल्या एकेकीचं तोंड बघून विचार केला, इंदू. ही हसली असेल? ती हसली असेल? गोदूताई गेली तेव्हा तिची लुगडी आणायला गेले, पण तिला नमस्कार केला नाही. मला वाटायचं तीच. मेलेल्या बाईवर आळ घेतला मी.”

“काकू...”

“तुझ्यावर कधी नाही आला संशय. तू तिची लाडकी.”

मी त्यांच्या पायांकडे हात नेला. त्यांनी पाय मागे घेतले. गुडघे दुखत होते तरी घेतले.

“सही कर.”

“काकू, आता मी कशी सही करू?”

“कर म्हटलं ना! पोरी कुणाच्या भरवशावर येणार? तुला शिकवता येतं. मी शिकवून घेतलंय तुला, दोन उन्हाळे घालवलेत त्यात. सही कर आणि जा.” मी सही केली. दारापर्यंत गेले तेव्हा म्हणाल्या, “आणि ह्या खोलीत परत येऊ नकोस.”

त्यानंतर त्या सव्वा वर्ष जगल्या. जिना एकच, त्यांच्या दारावरूनच माझी जा-ये. माझी पावलं वाजली की आतून दार लोटलं जाई. मी सुनेच्या हाती मुगाची खिचडी पाठवली. डबा तसाच परत आला, झाकणसुद्धा न उघडता. वरच्या मजल्यावरच्या दुसऱ्या कुणाचंही त्या खात. मोहल्ल्यात कुजबुज झाली, इंदूताईंनी म्हाताऱ्या बाईला दुखवलेलं दिसतं, वर्ग हातात आला आणि ओळख विसरल्या. मी कुणाला काही सांगितलं नाही. तेवढी शिक्षा अगदी बेताची होती.

चंदा रोज संध्याकाळी काकूंकडे जाऊन वर्गाची हकीकत सांगे. किती पोरी आल्या, कोण रडली, पाणी कुठपर्यंत आहे. तिच्याकडून मला निरोप यायचे. “चाची कहत रहलीं, ‘पिवळं लुगडं गाठ धरत नाही, तिला सांग बदलायला.’” तिला. माझं नाव नाही. पण निरोप रोज यायचा. “तिला सांग, सरस्वतीची मुलगी श्वास चुकवते.” “तिला सांग, आरडाओरडा कमी कर, पोरी घाबरतात.” त्या सांगत तसं मी करायची. एक दिवस निरोप आला नाही तर मला जेवण जात नसे. आमच्यात एवढाच संसार उरला होता.

वैशाखात काकूंनी अंथरूण धरलं. प्रयागहून पुतण्या आला. वैद्यांनी मान हलवली, तेव्हा तो वर धावत आला, “इंदूमावशी, चला, काकूंना गंगाजल द्या, तुम्हीच त्यांच्या सगळ्यांत जवळच्या.” त्याला काय सांगणार? मी गेले. सव्वा वर्षांनी त्या खोलीत पाऊल टाकलं.

काकू इतक्या लहान झाल्या होत्या की पलंगावर कुणी लुगडं घडी करून ठेवलंय असं वाटावं. मी पळीत गंगाजल घेतलं, वर तुळशीचं पान ठेवलं आणि ओठांशी नेलं. काकूंनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. ओठ मिटून घेतले. पाणी हनुवटीवरून ओघळून उशीवर गेलं. “शुद्ध नाहीये त्यांना,” पुतण्या म्हणाला. चंदा माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझ्या हातातून पळी घेतली आणि वाकून म्हणाली, “चाची, हम हईं. चंदा.” ओठ उघडले. एक पळी घेतली, दुसरीही घेतली. एके काळी ज्या मोहल्ल्यानं मल्लाहिणीचा हात लागू नये म्हणून शिष्टमंडळ नेलं होतं, त्या मोहल्ल्यातल्या शास्त्र्यांच्या बायकोनं शेवटचं पाणी मल्लाहिणीच्या हातून घेतलं, आणि शिष्टमंडळाची पुढारी बाजूला उभी राहून बघत होती.

शुद्ध होती त्यांना. चांगली होती.

दुपारी मणिकर्णिकेला नेलं. पुरुष नेतात, आम्ही बायका घरीच थांबलो. मी जिन्यात बसून राहिले. तिथे बसायला आता मला कुणी अडवणार नव्हतं.

मी पुष्कळदा विचार करते, म्हातारीनं मला माफ केलं असतं तर? पायांवर डोकं ठेवू दिलं असतं, डोक्यावरून हात फिरवला असता, ‘जाऊ दे गं, लहान होतीस,’ म्हणाली असती तर? मी दोन दिवस रडले असते, हलकी झाले असते, आणि पुढच्या उन्हाळ्यात गुडघ्यांचं निमित्त सांगून घरी बसले असते. मी स्वतःला ओळखते. काकूही ओळखत असाव्यात. किंवा एवढा हिशेब त्यांनी केलाच नसेल. नुसता राग असेल, आईचा. तो तर त्यांचा हक्कच होता. दोन्हींतलं खरं काय ते मला आता कळायचं नाही, आणि कळलं तरी वेळेवर उठायचं काही चुकत नाही.

दुसऱ्या सकाळी सहाला मी घाटावर गेले तेव्हा पोरी पायऱ्यांवर बसून होत्या, कपडे न बदलता. सगळ्यांत धाकटीनं विचारलं, “आजी, आज छुट्टी ना?”

“कशाची?”

“काकू गेल्या ना.”

“काकू गेल्या. गंगा गेली का कुठे? उठा.”

उठल्या. चंदा आधीच पाण्यात होती, डोळे सुजलेले. मी वर बसले. खाली उन्हानं पाणी चमकायला लागलं की डोकी ओळखू येत नाहीत, सगळी काळीच दिसतात, आणि एखादं बुडी मारून दुसरीकडे निघतं. म्हणून नजर काढायची नसते आणि तोंडानं आकडे म्हणत राहायचं असतं. मला रडायचं होतं, पण डोळ्यांत पाणी आलं की मोजता येत नाही. अकरा जणी उतरल्या होत्या. मी मोजलं. एक, दोन, तीन... नऊ, दहा. दहा. मी उभी राहिले. मग नावेच्या पलीकडून धाकटीचं डोकं वर आलं, खदाखदा हसत. अकरा.

पुन्हा पहिल्यापासून. एक.